वाचकांचे प्रश्न : घरचा धंदा आणि आपली मजुरी

या वेळची पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी समोर येत होती, की धंदा करणाऱ्या माणसाला माल दिसतो, गिऱ्हाईक दिसतं, उधारी दिसते, फक्त स्वतःची मजुरी दिसत नाही. घरातून चालणाऱ्या धंद्यात तर बायकांच्या कष्टाची किंमत कुणीच लावत नाही, त्या स्वतः पण नाही. बहुतेक पत्रांत विचारलंय की ट्रेनिंग घेऊ का, कुठलं घेऊ, त्याने खरंच काही होतं का. उत्तरं जरा लांबलीयत, पण आकडे मांडल्याशिवाय यात काही सांगता येत नाही.

प्रश्न : मी सोलापुरात कडक भाकरी करून दुकानात देते. रोज 60 भाकऱ्या, एका भाकरीला 7 रुपये मिळतात. 45 रुपये किलोने 5 किलो ज्वारी लागते. म्हणजे 420 ला विकते आणि 225 ची ज्वारी, रोजचे 195 सुटतात. तरी महिन्याच्या शेवटी हातात काही राहत नाही. बचत गटातल्या बायका म्हणतात धंद्याचं ट्रेनिंग घे. मी सातवीपर्यंत शिकले, मला जमेल का?

उत्तर : ताई, जमायचं काय, निम्मं काम तर तुम्ही पत्रातच करून ठेवलंय. पत्रात खाली बाकीचा खर्च सुटा सुटा लिहिलाय ना, तो फक्त तुम्ही या हिशोबात धरला नाही. आपण धरू. दळण 30, लाकूडफाटा 30, प्लास्टिकच्या पिशव्या 12, तीळ-मीठ 10, दुकानापर्यंत शेअर रिक्षा 20. हे झाले 102, आणि ज्वारीचे 225, एकूण 327 रुपये. आता दुसरी बाजू. तुम्ही लिहिलंय की रोज तीन-चार भाकऱ्या फुटतात आणि दुकानदार त्या घेत नाही, म्हणजे पैसे 60 चे नाही तर 56 चेच येतात, ते झाले 392. 392 तून 327 गेले की उरले 65.

195 नाही ताई, 65. आणि यासाठी पहाटे उठून पाच तास तव्यासमोर बसायचं, म्हणजे तासाला 13 रुपये पडले. तुमच्या भागात खुरपणीला बाईला रोज किती मिळतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती, त्याच्याशी जरा ताडून बघा. हे तुम्हाला नाउमेद करायला लिहीत नाहीये. महिन्याच्या शेवटी पैसे कुठे जातात हा तुमचा प्रश्न होता ना, तर ते कुठे जात नाहीत, ते आलेलेच नसतात.

आता करायचं काय. पहिलं म्हणजे दुकानदाराला 8 रुपये सांगा. तो नाही म्हणेल, म्हणू दे, तुमची भाकरी त्याच्याकडे रोज संपते असं तुम्हीच लिहिलंय, मग त्यालाही ती हवीच आहे. दुसरं, सगळा माल एकाच दुकानात का? रोजच्या 20 भाकऱ्या ओळखीच्या घरी, ऑफिसात, होस्टेलवर थेट 10 रुपयांनी द्यायच्या बघा, म्हणजे 20 चे 200 आणि दुकानातल्या 36 चे 288, झाले 488. तिसरं, ज्वारी पाच-पाच किलो आणू नका. फेब्रुवारी-मार्चला नवी शाळू बाजारात येते, मंगळवेढा-बार्शीकडचा माल येतो तेव्हा भाव जरा खाली असतो. समजा 38 ने मिळाली आणि दोन महिन्यांची 3 क्विंटल एकदम भरली तर 11,400 लागतील, ते गटातून अंतर्गत कर्ज घ्या, महिना 2 टक्क्यांनी साधारण साडेचारशे व्याज जाईल आणि ज्वारीत 2,100 वाचतील. फक्त नीट वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवा, नाहीतर कीड लागली की वाचवलेलं सगळं तिथेच जाईल.

हे तिन्ही जमलं तर खर्च 327 वरून 292 वर येतो आणि रोजचे 196 उरतात (गटाचं व्याज त्यातूनच द्यायचं, ते दिवसाला सात-आठ रुपये पडतं). म्हणजे आज जेवढे सुटतात असं तुम्हाला वाटतंय साधारण तेवढेच, पण खरेखुरे, आणि एक भाकरी जास्त न थापता. फुटलेल्या भाकऱ्या वेगळ्या धरा, आपल्याकडे आमटीत चुरून खाणारी माणसं कमी नाहीत, त्याचं चुऱ्याचं पाकीट करून स्वस्तात जाईल. आणि पिशवी दुकानात विकायची म्हणजे एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, साधं रजिस्ट्रेशन करून घ्या, छोट्या उद्योगाला त्याची सरकारी फी वर्षाला 100 रुपये आहे, कुणी एजंट दोन-तीन हजार मागत असेल तर उठून या.

ट्रेनिंग जरूर घ्या, पण जाताना हाच हिशोब वहीत लिहून घेऊन जा आणि मास्तरांना म्हणा माझ्या भाकरीचं कॉस्टिंग, म्हणजे सगळा खर्च धरून एक भाकरी कितीला पडते ते, करून दाखवा. लोणच्याचं किंवा अगरबत्तीचं उदाहरण ऐकून घरी आलात तर उपयोग नाही.

प्रश्न : मी शिवणकामाचा फ्री कोर्स केला, सर्टिफिकेट आहे, मशीन पण घेतली. आमच्या वस्तीतल्या पुष्कळ जणींनी तोच कोर्स केलाय. कामच मिळत नाही. आता ॲडव्हान्स कोर्स करू का? (परभणी)

उत्तर : सध्या नको. एकाच वस्तीत सगळ्याच ब्लाऊज शिवायला लागल्या तर पुढचा कोर्स करून पण तेच होणार, ब्लाऊज थोडे बरे शिवाल एवढंच. आपल्याकडे ट्रेनिंग देणाऱ्यांची ही जुनी सवय आहे, शिवण, मेंदी, ब्युटी पार्लर, पापड, झालं, आणि विकणार कुणाला हे कुणी विचारत नाही, मला याचा खरंच राग येतो कारण वर्ष वाया जातं ते त्या मुलीचं जातं. तुम्ही पुढच्या आठवड्यात एवढंच करा, वस्तीतल्या आणि बाजूच्या कॉलनीतल्या वीस बायकांना जाऊन विचारा की गेल्या महिन्यात शिवणाचं कुठलं काम बाहेर दिलं, किती पैसे गेले, किती दिवस ताटकळावं लागलं. फॉल-पिको, चेन बदलणं, शाळेच्या युनिफॉर्मची उंची वाढवणं, पडदे, असलं काहीतरी निघेल, आणि जे काम सगळ्यांना उशिरा मिळतं त्यात शिरा.

एक मात्र करून ठेवा. पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, त्यातल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. पाच-सात दिवसांचं बेसिक ट्रेनिंग, त्याचे दिवसाला 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000 पर्यंतची मदत आणि पुढे 5 टक्के व्याजाने 1 लाखापर्यंतचं पहिलं कर्ज, असं तिचं स्वरूप आहे. एका घरातून एकालाच घेता येतं. पण कर्ज आत्ता उचलू नका, आधी काम येऊ द्या, मशीन तर तुमच्याकडे आहेच.

प्रश्न : घरासमोर किराण्याचं छोटं दुकान आहे, मीच बसते. गल्ल्यातून मिस्टर पेट्रोलला घेतात, मुलं वहीला घेतात, सासूबाई भिशीला घेतात, मी पण भाजीला घेते. माल भरायच्या वेळी पैसे नसतात. ट्रेनिंगमध्ये रोज खतावणी लिहायला सांगितलं, ते काही माझ्याच्याने होत नाही. (अंबड, जि. जालना)

उत्तर : खतावणी सोडा. दोन डबे करा. एक दुकानाचा, एक घराचा, आणि दुकानाच्या डब्याला कुलूप, किल्ली तुमच्या गळ्यात. रोज रात्री दुकानाच्या डब्यातून ठरलेली रक्कम घराच्या डब्यात टाकायची, ती तुमची मजुरी, समजा 150. ज्याला जे लागेल ते घराच्या डब्यातून. तो संपला तर उद्यापर्यंत संपला. आणि अगदीच नड आली, दवाखाना निघाला, तर दुकानातून जरूर घ्या, पण त्या जागी चिठ्ठी टाका, कुणी घेतले, किती घेतले. महिन्याच्या शेवटी चिठ्ठ्या घरच्यांसमोर काढायच्या, भांडायचं नाही, फक्त काढायच्या.

हे मी मनाने सांगत नाहीये. डॉमिनिकन रिपब्लिक नावाचा कॅरिबियन देश आहे, तिथे एका सूक्ष्म कर्ज देणाऱ्या संस्थेच्या छोट्या धंदेवाल्यांवर मोठा प्रयोग झाला, 2014 मध्ये तो छापून आला. काही जणांना रीतसर अकाउंटिंग शिकवलं आणि काहींना नुसते सोपे नियम दिले, त्यातला मुख्य नियम हाच, की घरचे पैसे एका खणात आणि धंद्याचे दुसऱ्या, इकडून तिकडे घेतले तर चिठ्ठी ठेवायची. अकाउंटिंगवाल्यांमध्ये फारसा फरक पडला नाही आणि दोन खणवाल्यांचा हिशोब, पैसा सांभाळायची पद्धत चांगली सुधारली. तेव्हा खतावणी जमली नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका.

सासूबाईंची भिशी बंद करायला जाऊ नका हां, ती बचतच आहे. फक्त ती घराच्या डब्यातून जाऊ द्या, आणि मिस्टरांना शांतपणे एकदा बसवून सांगा की मालाचे पैसे खाल्ले तर दोन महिन्यांनी पेट्रोलला घ्यायला गल्लाच राहणार नाही. पहिले पंधरा दिवस कुरबुर होईल, नंतर सवय होते.

प्रश्न : मी बचत गटांसोबत काम करते. तीन दिवसांचं उद्योजकता ट्रेनिंग आम्ही मनापासून घेतो, बायका हसतखेळत बसतात, फोटो छान येतात, तीन महिन्यांनी गेलं तर हिशोबाची वही कोरी. चूक कुठे होतेय? (एक समन्वयक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : ताई, हे पत्र पाठवलंत त्याबद्दल खरंच आभार, कारण फोटो काढून पुढच्या गावाला जाणारे भरपूर आहेत, तीन महिन्यांनी परत जाऊन वही बघणारे फार कमी.

मला वाटतं सगळ्यात मोठी गडबड ही आहे की आपण बायकांना हिशोब येत नाही असं धरून चालतो. म्हसवडच्या माणदेशी बँकेची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. चेतना सिन्हांनी बायकांची बँक काढायला रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला तेव्हा सभासद अंगठे उठवणाऱ्या आहेत म्हणून लायसन नाकारलं. मग बायका लिहाय-वाचायला बसल्या, परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या की आमच्याशी व्याजाचा हिशोब लावून बघा, कॅल्क्युलेटर न घेता कोण आधी सांगतंय ते कळेल. 1997 ला बँक सुरू झाली. पुढे त्यांनी बायकांसाठी बिझनेस स्कूल काढलं, ते बसमध्ये बसवून गावोगाव नेलं, कारण बाई घर-जनावरं सोडून तालुक्याला येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. तोंडी हिशोब पक्का असलेल्या बाईला आपण नफा-तोट्याचा छापील फॉर्म देतो आणि मग वही कोरी का म्हणतो. तिचा हिशोब ती ज्या भाषेत करते, पायलीत, डझनात, आठवड्याच्या बाजारात, त्यातच धरा. फॉर्म नंतर भरता येतो, तोही तिच्या शाळेत जाणाऱ्या पोरीकडून.

दुसरं, मैत्रिणीला सोबत बोलवा. अहमदाबादला कष्टकरी बायकांची सेवा बँक आहे, तिथे दोन दिवसांच्या ट्रेनिंगचा असाच अभ्यास झालाय, काही जणींना एकटीला बोलावलं आणि काही जणींना मैत्रीण घेऊन या म्हटलं. ट्रेनिंग एकच, पण मैत्रिणीसोबत आलेल्यांनी धंद्यासाठी कर्ज जास्त घेतलं आणि चार महिन्यांनी त्यांचं काम जास्त वाढलेलं दिसलं, त्यातही ज्यांच्या घरी बंधनं जास्त त्या बायकांना या सोबतीचा उपयोग जास्त झाला. याला वेगळा खर्च नाही, निमंत्रणात एक ओळ वाढवायची आहे.

तिसरी गोष्ट शिकवण्याच्या विषयाची. आफ्रिकेतल्या टोगो देशात पंधराशे छोट्या धंदेवाल्यांवर प्रयोग झाला, 2017 ला निकाल आला. एका गटाला हिशोब, मार्केटिंग असं नेहमीचं ट्रेनिंग, दुसऱ्याला स्वतःहून पाऊल उचलायचं ट्रेनिंग, म्हणजे संधी कशी हेरायची, शेजारचा करतो त्यापेक्षा वेगळं काय करायचं, अडचण आली तर आधीच काय ठरवून ठेवायचं. दुसऱ्या गटाचा नफा साधारण 30 टक्क्यांनी वाढला, पहिल्याचा 11 टक्के आणि तो पण छातीठोकपणे सांगता येईल असा नव्हता. म्हणून माझं म्हणणं, तीन दिवसांतला निदान एक दिवस वर्गात बसवू नका, बाजारात न्या. प्रत्येकीने तीन दुकानदारांना भाव विचारायचा, एक नवीन गिऱ्हाईक मिळवायचं आणि संध्याकाळी येऊन सांगायचं काय झालं. जी बाई कधी दुकानदाराशी घासाघीस करून बोललीच नाही तिला चार्टवर किंमत ठरवायला शिकवून भाव वाढणार आहे का?

आणि तीन महिन्यांनी नाही, पंधरा दिवसांनी जा. गटाच्या मासिक बैठकीत बचत-वसुली झाली की दहा मिनिटं धंद्याची ठेवा, एका बैठकीला एकीचंच कॉस्टिंग सगळ्यांनी मिळून करायचं. स्वतःची मजुरी किती धरली हा प्रश्न प्रत्येकीला विचारायचाच. पहिल्यांदा सगळ्या गप्प बसतील, माझ्या अनुभवात बसतातच, मग एखादी म्हणेल घरच्या कामाची कसली मजुरी. तिथून खरी चर्चा सुरू होते, तेव्हा घाई करून पुढचा विषय काढू नका.

प्रश्न : एका ठिकाणी मसाला उद्योगाचा ऑनलाईन कोर्स आहे, 15,000 फी, आणि 35 टक्के सबसिडी नक्की मिळवून देतो म्हणतात. दागिना ठेवून भरू का? (पनवेल)

उत्तर : अजिबात नाही, काकू. दागिना घरात राहू द्या. 35 टक्के सबसिडी खरी आहे, केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची पीएमएफएमई योजना आहे तिच्यात 10 लाखांच्या मर्यादेपर्यंत ती मिळते, पण ती बँकेच्या कर्जाला जोडलेली असते, आधी बँकेने कर्ज मंजूर करायला हवं. बँक काय करणार याची गॅरंटी कुठलाही कोर्सवाला देऊ शकत नाही, जो देतो त्याच्यापासून चार हात लांब राहा. छोट्या उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी पण फुकट आहे, तिचे कुणी पैसे मागितले तरी तेच.

ट्रेनिंग फुकटात मिळतं. तुमच्या जिल्ह्याच्या आरसेटीची चौकशी करा, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, बँका चालवतात. कर्नाटकात धर्मस्थळाजवळ उजिरेला 1982 मध्ये अशी पहिली संस्था निघाली, तिचाच नमुना घेऊन देशभर जिल्ह्याजिल्ह्यात या झाल्या. राहणं-खाणं-शिकणं मोफत आणि कोर्स संपल्यावर दोन वर्षं पाठपुरावा करायचा असा नियम आहे. वयाची आणि ग्रामीण भागाची अट असते ती आधी फोन करून विचारा. राज्य सरकारची एमसीईडी म्हणजे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आहे, महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविम 1975 पासून आहे, गटात असाल तर ग्रामीण भागात उमेदचे, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे, लोक गावात येतातच. कुठेही गेलात तरी नाव घालण्याआधी विचारा, मागच्या बॅचमधल्या किती जणींचा धंदा आज चालू आहे आणि त्यातल्या दोघींशी मला बोलता येईल का. उत्तर देताना चाचपडले तर दुसरीकडे बघा.

प्रश्न : भाजीची गाडी आहे. रोज सकाळी मार्केट यार्डात माल उचलायला एकाकडून 900 घेतो, संध्याकाळी 1000 देतो. गल्ला 1450 च्या आसपास होतो, खराब माल-चहापाणी जाऊन घरी 350 नेतो. ट्रेनिंगला जायला वेळ नाही, गाडी बंद ठेवली तर चूल बंद. मला काही सांगता येईल का? (नाशिक)

उत्तर : दादा, सांगता येईल, आणि ट्रेनिंगला न जाता. महिन्यात 25 दिवस गाडी लावली तर तुम्ही व्याजाला 2,500 देताय, कशासाठी, तर 900 रुपयांसाठी. रोज रात्री 350 मधले 50 बाजूला टाका, घरी 300 द्या. वहिनींना हा हिशोब समोर बसून दाखवा, कारण 18 दिवस ओढाताण त्यांचीच होणार आहे. अठराव्या दिवशी तुमचे स्वतःचे 900 जमतात, एकोणिसाव्या सकाळी कुणाकडे जायचं नाही आणि त्या दिवसापासून घरी 350 च्या जागी 450. मध्ये पाऊस आला, माल पडून राहिला, तर 18 चे 25 दिवस होतील, होऊ द्या, फक्त त्या डब्याला हात लावू नका. 900 झाले की ते माल भरायचे पैसे, ते रोज रात्री आधी बाजूला काढायचे आणि उरलेलं घरी न्यायचं.

सोबत महापालिकेत पीएम स्वनिधीची चौकशी करा. 2020 मध्ये पथविक्रेत्यांसाठीच आलेली योजना आहे, तारण नाही, 2025 मध्ये पहिल्या कर्जाची रक्कम 10,000 वरून 15,000 केली, ते वेळेत फेडलं की 25,000 आणि मग 50,000. वेळेवर हप्ते भरले तर व्याजात 7 टक्के सवलत परत मिळते. विक्रेता प्रमाणपत्र किंवा पालिकेचं शिफारसपत्र लागेल, आधारला मोबाईल नंबर जोडलेला आहे का ते जायच्या आधीच बघून ठेवा, बऱ्याच जणांची फेरी त्यातच फुकट जाते. दुपारी दोन ते चार गाडीवर गर्दी नसते असं तुम्ही लिहिलंय, तेवढ्या वेळात वहिनींना किंवा मोठ्या मुलाला गाडीवर बसवून जाऊन या.